पेडगावचा कोट १५ फेब्रुवारीपुरता नाही

१५ फेब्रुवारी १६८९ ही एक तारीख वगळली, तर महाराष्ट्राला पेडगाव जवळपास ठाऊकच नाही. त्या दिवशी छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश यांना कैद करून इथल्या छावणीत औरंगजेबापुढे आणलं गेलं. पुढचं सांगायला नको, शाळकरी पोरालाही ते पाठ आहे. २०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला, आणि श्रीगोंदा कुठल्या दिशेला आहे हे माहीत नसलेली माणसंही मोबाइलच्या नकाशात ‘बहादूरगड’, म्हणजे पेडगावचा कोट, शोधू लागली. लोक येतात, दरवाजात घोषणा देतात, डोळे पुसतात, फोटो काढतात आणि उजेड असेतो परत निघतात. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं असतं असं मी म्हणणार नाही. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत या कोटाला वाली कोण?

हा लेख त्या उरलेल्या दिवसांसाठी आहे. तो आधी पेडगावकरांना, मग पंचक्रोशीला आणि सगळ्यात शेवटी शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांना उद्देशून लिहिला आहे. क्रम मुद्दाम असा लावला आहे. गड राखायचे ते शहरातल्या दुर्गप्रेमींनी, नाहीतर पुरातत्त्व खात्याने, आणि गावाने फार तर चहाची टपरी टाकायची, अशी वाटणी आपण कधी करून घेतली कोण जाणे. ती मोडल्याशिवाय भीमाकाठचा हा कोट तगणार नाही.

ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्याच्या दक्षिण कडेला. भीमा इथे जिल्ह्याची हद्द आहे. अलीकडे श्रीगोंदा, पलीकडे पुणे जिल्ह्यातला दौंड. नदीला वरच्या अंगाला तुळापूर, खालच्या अंगाला सिद्धटेक आणि पुढे पंढरपूर. ऊस, कांदा आणि लिंबाच्या बागा यांचा हा पट्टा. गावाला लागून, नदीच्या थडीवर, शंभर एकरांहून मोठा भुईकोट पसरलेला आहे. डोंगरी किल्ल्याकडे माणूस मान वर करून पाहतो, त्याला जरा दबून असतो. भुईकोटाला तो मान नाही. त्याच्यातून शेळ्या जातात, पायवाटा जातात, पोरं क्रिकेट खेळतात. म्हणूनच तो लवकर झिजतो. रायगडाचा चिरा खाली आणायला छातीत दम लागतो, पेडगावचा चिरा हातगाड्यावर येतो.

या कोटाकडे आपण फक्त मोगलांची छावणी म्हणून पाहतो, आणि तिथेच पहिली गफलत होते. आत पाच देवळं आहेत: भैरवनाथ, मल्लिकार्जुन, रामेश्वर, बाळेश्वर आणि लक्ष्मीनारायण. त्यांतलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ यादवकाळातलं. मोगल सुभेदार बहादूरखानाचे तंबू इथे पडले त्याच्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षं ते उभं होतं. तारकाकृती पाया, काळा बसाल्ट, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी आणि देवादिकांच्या मूर्ती, आत कोरीव खांब. पुण्या-नगरच्या टापूत इतकं नाजूक काम फार ठिकाणी उरलेलं नाही. असं देऊळ ओसाड माळावर उभं राहत नसतं. त्यासाठी पिकती जमीन लागते, पाथरवटांना दोन-तीन पिढ्या पोसू शकेल असा महसूल लागतो, आणि दान देण्याची ऐपत असलेली माणसं लागतात. म्हणजे हे गाव तेव्हाच भरलेलं होतं. कोट नंतर आला.

भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ आहेत. देवळं सगळे पाहतात, वीरगळ कोणी पाहत नाही, म्हणून त्यांच्याविषयी जरा जास्त बोलतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली आडवा पडलेला माणूस: हा मेलेला वीर. त्याच्या वर लढाई, ढाली-तलवारी, कधी घोडा. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे जोवर हे दोघे आहेत तोवर याची कीर्ती. वीरगळात कुठे गायी कोरलेल्या दिसल्या तर थांबून पाहा. परक्यांनी गुरं वळवून नेली आणि ती सोडवताना जो पडला, त्याचा तो दगड. राजासाठी नव्हे, गावच्या दावणीसाठी मेलेला माणूस. त्याचं नाव बहुधा दगडावर नसतं, कारण गावाला ते सांगायची गरज नव्हती. शेतकऱ्याच्या गावाचा इतिहास कुणाला शोधायचा असेल तर तो बखरीत नंतर शोधावा, आधी इथे वाकून बघावं.

आणि आपण या दगडांचं काय करतो? कुणी ऑइलपेंट फासतो. कुणी शेंदूर लावतो, त्याचे थर चढत जातात आणि कोरीव काम बुजतं. बांधावर, विहिरीच्या काठावर, गोठ्याच्या दारात पायरी म्हणून वीरगळ पडलेले मी या पट्ट्यात पाहिले आहेत. शेळ्या राखणाऱ्या एका आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “नांगराला आडवा यायचा म्हणून तुमच्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी उचलून बांधाला टाकला. आता पोरं त्याला हार घालत्यात. आदी सांगितलं असतं कुणी तर नसता टाकला.” या वाक्यात आपल्या सगळ्या शिक्षणखात्याचा हिशेब आहे.

आता कोटाकडे. १६७२-७३च्या सुमारास बहादूरखान, म्हणजे खानजहान बहादूर कोकलताश, दख्खनचा सुभेदार म्हणून आला. हा औरंगजेबाचा दूधभाऊ. त्याने पेडगावला तळ दिला, कोट बांधला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं: बहादूरगड. जागा त्याने जाणून निवडली होती. घोड्यांना चारा, माणसांना पाणी, मोकळं मैदान आणि नगर, पुणे, विजापूर या तिन्ही बाजूंवर नजर. पुढे कित्येक वर्षं हा मोगलांचा दख्खनमधला मोठा लष्करी तळ राहिला. छावणी म्हटलं की आपल्याला तंबू आणि तोफा दिसतात. पेडगाव आणि आजूबाजूच्या गावांना मात्र आधी दिसला असेल तो दाणागोटा. हजारो घोड्यांची वैरण कुठून येणार होती? भीमेच्या थडीवरच्या ज्वारीतून. मराठ्यांच्या इतिहासात कुणब्याचं नाव क्वचित येतं, त्याचं कडबा-धान्य मात्र पानापानावर खर्ची पडलेलं असतं.

याच खानाची इथे जी फजिती झाली, ती आपण विसरलो याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला. मोठा खर्च झाला होता. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच, ऐन पावसाळ्यात, शिवाजी महाराजांची दोन हजारांची एक तुकडी पेडगावच्या रोखाने आली. खान तिच्या मागे लागला. ती लढायला थांबेना, पुढे पुढे पळत राहिली आणि खानाला छावणीपासून पन्नासेक मैल ओढत घेऊन गेली. इकडे सात हजारांची दुसरी तुकडी रिकाम्या छावणीवर येऊन पडली. एक कोटी रुपयांची लूट, बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले दोनशे उमदे घोडे, आणि वर तंबूंची होळी. त्या काळच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारात याची नोंद आहे. खान परत आला तेव्हा राख गरम असेल.

सांगा, जुलैत पेडगावला कोणी येतं का? त्या दिवसाची आठवण म्हणून कधी एखादी मिरवणूक, एखादं व्याख्यान, निदान शाळेत एक तास? ज्या मैदानावर आपल्या राजाने सुभेदाराला वेड्यात काढलं, तेच मैदान आपण फक्त रडण्यासाठी राखून ठेवलं आहे. दुःख विसरा असं म्हणत नाही मी. पण एका गावाला फक्त दुःखाचा पत्ता करून टाकणं हा त्या गावावर अन्याय आहे.

आणि ते दुःखही आपण पुरतं समजून घेतलेलं नाही. भोसले घराण्याचा मूळपुरुष म्हणून ज्यांचं नाव घेतात ते बाबाजी भोसले हिंगणी बेर्डी आणि देऊळगाव इथले पाटील. ही दोन्ही भीमाकाठचीच गावं, याच टापूतली. बाबाजींचे पुत्र मालोजीराजे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना मानत. हे शेख महंमद म्हणजे ‘योगसंग्राम’कार, मराठीत ग्रंथ लिहिणारे आणि आजही श्रीगोंद्याचं ग्रामदैवत असल्यासारखे पूजले जाणारे. बाबाजी, मालोजी, शहाजीराजे, शिवाजीराजे, संभाजीराजे. म्हणजे ज्या मुलखात खापरपणजोबांनी पाटीलकी केली, त्याच मुलखात त्यांच्या वंशातल्या छत्रपतीची धिंड काढली गेली. १ फेब्रुवारीला संगमेश्वरी पकडलेल्या राजाला इथे आणलं, आणि ११ मार्चला तुळापूर-वढूच्या परिसरात, याच भीमेच्या वरच्या अंगाला, त्यांना मारलं. हा सगळा पट समोर ठेवला तर पेडगावच्या मातीत उभं राहिल्यावर घशात येणारा आवंढा जास्त मोठा होतो, कमी नाही. त्यासाठी घोषणेपेक्षा थोडी माहिती लागते. ती सांगणारं गावात कोणीतरी हवं, आणि सांगताना बोट दाखवायला समोर दगड शिल्लक हवा.

कोटातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट यातली एकही नाही. ती आहे नदीकडच्या बाजूची हत्तीमोट. मोट म्हणजे काय हे आज चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्यालाही सांगावं लागतं, म्हणून सांगतो. विहिरीच्या काठावर चाक, त्यावरून गेलेला जाड नाडा, नाड्याच्या टोकाला चामड्याची किंवा लोखंडी मोट. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की मोट भरून वर येते, थारोळ्यात ओतली जाते आणि पाणी पाटाने पिकाला जातं. बैल उलटे मागे येतात, मोट पुन्हा पाण्यात बुडते. दिवसभर हेच. पेडगावला हेच काम बैलांऐवजी हत्तींकडून करून घेतलं जाई. भीमेचं पाणी उचलायचं, उंचावर घ्यायचं आणि तिथून खापरी नळांनी कोटात फिरवायचं. बैलजोडी जे ओढते त्याच्या कितीतरी पट वजनाची मोट हत्ती ओढत असणार, तेव्हा तिथला चौथरा, तिथलं चाक, तिथला नाडा केवढा असेल याची कल्पना करा. पाणी उंचावर चढवून मग उताराने गावभर फिरवण्याची ही युक्ती आजच्या उपसा सिंचन योजनेची आजी आहे. ज्या तालुक्यात घोड आणि कुकडीच्या आवर्तनावरून बैठका गाजतात, जिथे पाणी हाच बारमाही विषय आहे, तिथल्या पोरांना ही जागा दाखवायला अभ्यासक्रम बदलायची गरज नाही. एक शनिवार पुरेल. पण हत्तीमोटेपर्यंत जायला वाट हवी. तिथे वेडी बाभूळ माजली की माणूस काट्यांना भिऊन परत फिरतो.

पुढे १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या काळात हा कोट पेशव्यांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी नगरचा किल्लाही मराठ्यांकडे आला. नंतर कंपनी सरकार आलं, कोटाचं लष्करी काम संपलं आणि दगडांची खरी परवड सुरू झाली.

त्या परवडीत शत्रूचा वाटा किती आणि आपला किती, हे एकदा मोकळेपणाने बोलायला हवं. तोफगोळ्यांनी पडलेला तट ओळखू येतो. पण जिथे तटाचे घडीव चिरे ओळीने निघालेले असतात, आतला मुरूम-मातीचा गाभा उघडा पडलेला असतो आणि पायाशी ढिगाराही नसतो, तिथे काय झालं असेल हे कुणाला कळत नाही? ढिगारा गेला कुठे? गोठ्यांच्या भिंतींत, घरांच्या जोत्यांत, विहिरींच्या बांधकामांत. हे एकट्या पेडगावचं नाही, मराठवाड्यातल्या गढ्यांपासून खानदेशातल्या कोटांपर्यंत सगळीकडे हेच झालं, आणि गरिबीच्या काळात झालं. त्या पिढ्यांना मी बोल लावणार नाही. आज मात्र प्रत्येकाच्या दारी विटांची ट्रॉली येऊ शकते. आजही दगड जात असेल आणि आपण ‘रात्रीचं कोण नेतं कळत नाही’ म्हणत असू, तर आपण वेड पांघरून पेडगावला निघालो आहोत. गावात रात्री कुणाचा ट्रॅक्टर कुठल्या वाटेने गेला हे सकाळच्या पहिल्या चहाच्या आत सगळ्यांना ठाऊक असतं.

दगड नेणं हा पहिला रोग, दुसरा गुप्तधनाचा. ‘छावा’ पाहून मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरात, मार्च २०२५ मध्ये लोकांनी रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरली. सोन्याच्या मोहरा निघणार होत्या म्हणे. आपल्याकडे ही हौस चित्रपटाच्या आधीपासून आहे. देवळाच्या गाभाऱ्यात, समाधीखाली, बुरुजाच्या पायाशी खणलेले ताजे खड्डे कुठल्याही जुन्या कोटात दिसतात, शेजारी लिंबू, हळद-कुंकू आणि फुटकी अंडी. एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. पेडगावचा खजिना शिवाजी महाराजांनी १६७४ मध्येच नेला. राहिला असेलच तर तो १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सरकारदरबारी कळवावा लागतो. खणणाऱ्याच्या हाती तुरुंग येतो आणि गावाच्या हाती ढासळलेला पाया.

तिसरा रोग नदीच्या अंगाने येतो. भीमेच्या पात्रातून वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली. पात्र खोल गेलं की पुराचं पाणी काठ कापत आत शिरतं. नदीकडचा तट ज्या काठावर उभा आहे तो काठच सरकला तर वरची डागडुजी करून काय उपयोग? वाळूचा प्रश्न महसूल खात्याचा, तटाचा प्रश्न इतिहासाचा, अशी फारकत नदीला मान्य नाही.

चौथा रोग सांगताना थोडा वाईटपणा घ्यावा लागेल, कारण तो प्रेमातून होतो. तरुण मुलं येतात, घाम गाळतात, झाडं उपटतात आणि पडलेल्या भिंतीला सिमेंट लावून जातात. बाबांनो, तुमच्या निष्ठेला मुजरा, पण सिमेंट नको. जुनं बांधकाम चुन्याचं आहे. चुना, वाळू, विटांचा चुरा, त्यात गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचं पाणी घालून घाण्यात दिवसेंदिवस मळलेला तो मसाला ओल आत घेतो आणि बाहेर टाकतो, ऊन-पावसात किंचित हलतो. सिमेंट हलत नाही आणि ओल कोंडून ठेवतं. दोन-चार पावसाळ्यांत सिमेंट जागेवर राहतं आणि शेजारचा जुना दगड पापुद्रे काढून सुटतो. झाडांचंही तेच. तटाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ किंवा उंबर ओढून काढला तर मुळांबरोबर चार चिरे येतात. तो बुंध्यापाशी कापायचा, पुन्हा फुटू द्यायचा नाही, मूळ आतल्या आत वाळू द्यायचं आणि मग ती फट जाणकाराच्या देखरेखीखाली चुन्याने भरायची. मोकळ्या जमिनीवरची वेडी बाभूळ मात्र खुशाल मुळापासून काढा. ती आपली नाहीच, परदेशातून आणलेली आहे आणि तिला दयामाया नाही. जेसीबी कोटात घालू नका, एवढंच. त्याच्या एका फावड्यात तीनशे वर्षांची खापरं, नळाचे तुकडे, नाणी उलथीपालथी होतात, आणि ती कुठल्या थरात होती हे मग कुणालाच सांगता येत नाही.

नावाविषयी दोन वाक्यं. कोटाला आता धर्मवीरगड म्हणतात आणि त्यामागची भावना मला कळते. पण पाटी बदलल्याने बुरूज सावरत नाही. ज्या दिवशी पाटीसाठी जमते तेवढी माणसं मोजणीसाठी जमतील, त्या दिवशी मी पहिला पेढा वाटीन.

मोजणीवर मुद्दाम जोर देतो. ११ जुलै २०२५ला ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. आनंदच आहे. पण त्या यादीत डोंगर आहे, समुद्र आहे. काळ्या मातीतला, नदीकाठचा, गावाला चिकटलेला भुईकोट नाही. पैसा आणि लक्ष यादीच्या मागे जातं. राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणं काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हावार समित्या नेमल्या. अशा समितीपुढे भावना चालत नाहीत, नकाशा चालतो. कोटाची हद्द कुठून कुठपर्यंत, तटाची लांबी किती, बुरूज किती, कुठल्या गटनंबरात काय उभं आहे, हे गावाकडे लिहिलेलं असेल तर बोलता येतं. नसेल तर पुढची पाच-पंचवीस वर्षं ‘पाहणी करून कळवू’ यातच जातील.

म्हणून पेडगावकरांना आणि शेजारच्या गावांना माझी मागणी अशी आहे. येत्या ग्रामसभेत कोटाचा ठराव घ्या, विषयपत्रिकेवर रीतसर घालून. ‘ऐनवेळचे विषय’ या शेपटात नको, तिथे कुणी थांबत नाही. ठरावात मोठमोठे शब्द घालू नका. कोटाच्या हद्दीतून दगड, माती, मुरूम नेणार नाही. कोणी नेताना दिसला तर ग्रामपंचायत तक्रार देईल, मग तो पावणा असो नाहीतर पुढारी. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी मागवू. पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय आत नवं बांधकाम, सभामंडप, कमान, पुतळा, पेव्हर ब्लॉक काहीही करणार नाही. शेवटचं कलम सगळ्यात अवघड जाईल, कारण निधी आला की कमान बांधायचा मोह कुठल्याच गावाला आवरत नाही. तिथेच ठाम राहा.

गावच्या शिक्षकांना वेगळं सांगणं आहे. चौथीला शिवचरित्र शिकवताना पोरांना एकदा वीरगळांपाशी न्या. प्रत्येक वीरगळाचं माप घ्यायला लावा, चित्र काढायला लावा, कुठे आहे ते लिहून ठेवायला लावा. बांधावर, ओढ्यात, परसात पडलेले दगड कुणाच्या लक्षात नसले तरी पोरांच्या लक्षात असतात. त्यांनी तयार केलेली वही हा कोटाचा पहिला दप्तरी पुरावा ठरेल. दगड हलवू मात्र नका. जिथे आहे तिथेच त्याची नोंद करा, आणि हलवायचाच असेल तर जाणकाराला विचारून, फोटो काढून.

म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं कामही लवकर व्हायला हवं. कोणत्या बुरुजाला गाव काय नाव देत होतं, हत्तीमोटेचे नळ कुठवर सापडले होते, कुठली विहीर कधी बुजवली, जत्रेला पालखी कुठल्या दरवाजाने जायची. ही माहिती कुठल्याही ग्रंथालयात नाही, ती घराघरातल्या बाजेवर पडून आहे. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायला दहा मिनिटं लागतात. आजोबांची वरातीतली चित्रफीत प्रत्येकाकडे आहे, त्यांचं असं बोलणं फार थोड्यांकडे असतं.

पुण्या-मुंबईला, हैदराबादला, दुबईला नोकरीला गेलेल्या गावच्या पोरांनो, तुम्ही देणगी पाठवाल हे मला माहीत आहे, तुमचा हात आखडता नसतो. यंदा ती कमानीसाठी पाठवू नका. जुन्या बांधकामाची जाण असलेला एखादा वास्तुविशारद आणा आणि त्याच्याकडून कोटाचा नीट आराखडा करून घ्या. तट कुठे धोक्यात आहे, कुठला बुरूज आधी सावरायचा, कुठे हात लावायचाच नाही, याचा कागद आधी होऊ दे. त्या कागदाशिवाय ओतलेला पैसा सिमेंटच होतो.

आणि बाहेरून येणाऱ्यांनो, या, अवश्य या. पण बारमाही या. नोव्हेंबरात या, हवा चांगली असते आणि गर्दी नसते. पावसाळ्यात जुलैत या आणि खानाची फजिती आठवून मनसोक्त हसा. सिद्धटेकला दर्शनाला निघालात तर वाट वाकडी करून तासभर लक्ष्मीनारायणापुढे बसा. भिंतीवर नाव कोरू नका, वीरगळावर पाय देऊन फोटो काढू नका, आणि गाडी दरवाजातून आत घालू नका. गावातच जेवा. चुलीवरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळेल, त्याचे पैसे रोखीने द्या. कोटामुळे गावात चार पैसे येतात हे दिसलं की राखण आपोआप लागते, त्यासाठी भाषणाची गरज पडत नाही.

श्रमदानाला येणार असाल तर आधी ग्रामपंचायतीला फोन करून विचारा, आणि मग कोयता, जाड हातमोजे, काट्यांतून चालता येईल असे बूट आणि प्यायचं पाणी घेऊन या. बाभळीचा काटा आरपार जातो, चप्पल घालून येऊ नका. सिमेंटची गोणी कुणी आणलीच, तर ती गावातल्या शाळेच्या संडासासाठी द्या. तिथे तिचा उपयोग आहे.